जीर्ण वस्त्र आणि आईच्या साड्या

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक २२.

हा श्लोक आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पहिल्यांदा ऐकला असेल तो घरातलं कुणीतरी गेल्यावर. देह म्हणजे वस्त्र, जीर्ण झालं की आत्मा ते सोडतो, हा भगवंतांचा दृष्टान्त. ऐकून धीर येतो. पण तेरावा झाला, पाहुणे गेले, की कपाट उघडावंच लागतं. आत्मा पुढे गेला. मागे राहिलेल्या खऱ्याखुऱ्या वस्त्रांचं काय करायचं?

आपल्या गिरणगावात या प्रश्नाला एक जुनं उत्तर होतं : गोधडी. लालबाग-परळच्या खोल्यांमधली माणसं दिवसभर गिरणीत कापड तयार करायची. एका वारामागे किती घाम असतो ते त्यांना ठाऊक होतं. त्यामुळे लुगडं विरलं म्हणून फेकलं जात नसे. त्याचं बाळाचं दुपटं व्हायचं, नाहीतर चार-पाच जुने कपडे एकावर एक अंथरून त्यांची गोधडी. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद होत गेली, भोंगे थांबले. पण त्या गोधड्या अजून कित्येक घरांत पांघरल्या जातात.

गिरगावात आम्ही काही जण रविवारी एकत्र बसून गोधडी शिवतो. कुणी हिंदमातावरून सुती तुकडे आणतं, कुणी घरातल्या चादरी. मध्यंतरी आमच्यातली एक मैत्रीण आईच्या सहा साड्या घेऊन आली. आईला जाऊन वर्ष झालं होतं. साड्या अंथरल्या, कात्री काढली आणि तेवढ्यात भावाचा फोन. "ताई, कापू नकोस ना. अजून वास आहे गं तिला."

आता सांगा, यात आसक्ती कुणाची? चटकन वाटतं, भावाची. तो साडीला धरून बसलाय, ताई सोडायला तयार आहे. गीता ताईच्या बाजूने आहे!

पण थोडं थांबूया. ताईलाही आईला पांघरून झोपायचंच आहे की. एकाला आई घडीत हवी, दुसरीला गोधडीत. मोह दोघांनाही आहे, आणि आई गेल्यावर तो असणारच. लाज वाटावी असं त्यात काही नाही. फरक एवढाच, की कात्री एकीच्या हातात आहे. आणि कापलेली साडी पुन्हा अखंड होत नाही.

मला वाटतं, हा श्लोक वाचताना आपण इथेच चुकतो. वस्त्र सोडतो कोण? ज्याने ते अंगावर घातलंय तोच. दुसऱ्याच्या अंगावरून कुणी ते ओढून घेत नाही. स्वतःची आसक्ती सोडणं म्हणजे वैराग्य. दुसऱ्याची आसक्ती ओरबाडून काढणं, मग ती गीतेच्या नावाने का असेना, ही हिंसाच. आपण तरुण साधक हे फार सहज करतो. रडणाऱ्याला लगेच ज्ञान सांगतो.

मग काय, सगळं कपाटात कुलूपबंद ठेवायचं? तेही नाही. कृष्णाचं बोट कापलं तेव्हा द्रौपदीने अंगावरच्या भरजरी वस्त्राची चिंधी फाडली, ही लोककथा आपल्याला माहीत आहेच. गरज समोर आली आणि तिचा हात अडखळला नाही. मोठेपण त्यातच. पण तिने फाडलं ते स्वतःचं वस्त्र. सुभद्रेचं नाही.

मैत्रिणीने कात्री खाली ठेवली. पुढच्या रविवारी भाऊही आला. दोघांनी मिळून दोन साड्या त्याच्यासाठी अखंड ठेवल्या. उरलेल्या चारांपैकी दोन गोधडीच्या आतल्या थरात गेल्या, दोन वरखाली. कडेपासून आत आत धावदोरा घालत गेले. भावाला सुई धरता येत नव्हती, तो दोरा ओवून देत होता. आतल्या साड्या आता दिसत नाहीत. पण ऊब त्यांचीही आहेच.

गोधडी काचेत लावली नाही. रोज वापरात आहे, धुतली जाते, हळूहळू तीही विरेल. विरू दे. श्लोक तिलाही लागू आहे.

आजचा प्रश्न स्वतःसाठी : मी "सोडून दे" असं कुणाला सांगतोय? आणि सांगण्याआधी त्याच्याजवळ बसून दोरा ओवून दिलाय का?

राम कृष्ण हरी. 🙏