गुळाचा खडा

आमच्या वाडीत आता संत्र्याची बाग शोधावी लागते. अमरावती रोडच्या दोन्ही बाजूंनी गोदामं झाली, ट्रका उभ्या राहू लागल्या. मी लहान होतो तेव्हा मात्र नांगर चालला की मागोमाग आम्ही पोरं गारगोट्या वेचायचो. बाप म्हणे, वावर साफ होते. आम्हाला ठिणग्या पाडायच्या असत. काळा दगड म्हणजे सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात वाफेचे फुगे राहून पोकळ्या झाल्या आणि त्या पोकळ्यांत गारगोटी, अकीक हळूहळू भरत गेले. हे मला फार उशिरा कळलं.

रिटायर झाल्यावर हात रिकामे राहीनात. जन्मभर फिटरकी केलेली. मागच्या टिनाच्या शेडमध्ये खडे घासायची मशीन बसवली. अर्ध्या हॉर्सपॉवरची जुनी मोटर, मिनिटाला १४४० फेरे. मोटरला लहान पुली, शाफ्टला मोठी, म्हणजे चाकं बेताने फिरतात. चाक घेताना माठ घेतो तसं वाजवून घेतलं. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द आवाज आला तर आत चीर आहे, ते फिरताना फुटून तोंडावर येईल. पाण्याजवळ वीज, म्हणून अर्थिंग स्वतः केलं आणि गळतीला पडणारा स्विच लावला. चाकावर पाणी थेंब थेंब पडावं म्हणून वर डबा टांगला आणि त्याला सलाईनची नळी जोडली. तिच्या चाकीने थेंब कमी-जास्त करता येतो.

काम सोपं दिसतं. चकतीवर अंडाकृती आखायची, काडीच्या टोकाला लाखेने ती चिकटवायची आणि वरची बाजू घुमटासारखी गोल करत आणायची. खालची सपाट. आधी ८० नंबरचं जाड चाक, मग २२०, मग ४००, ६००, १२००चा कागद, शेवटी नमद्यावर सेरियम ऑक्साइडची पेस्ट. जाड चाकाचा ओरखडा मधल्या पायरीवर राहून गेला तर शेवटच्या चकाकीत तोच आधी दिसतो. मग परत मागे जा.

वाडीहून फार दूर नाही, काटोल रोडच्या बाजूला माहुरझरी आहे. नागपूर विद्यापीठाने १९७०-७२ मध्ये डॉ. शां. भा. देवांच्या देखरेखीखाली तिथे उत्खनन केलं. लोखंड वापरणाऱ्या, दगडांच्या वर्तुळाखाली माणसं पुरणाऱ्या लोकांचं ते गाव. तिथे अकीकाचे मणी घडत. मशीन सुरू केली तेव्हा मला फार अभिमान वाटला होता, की हा आपल्याच मातीतला धंदा. त्या मणीवाल्यांच्या छातीचं काय होत असेल, हे काही मनात आलं नाही.

हाताखाली शेजारचा पोरगा येत असे. बारावी झालेला, रिकामा, हात हलका. त्याच्या मायनेच आणून सोडला होता. "दादा, याले काही शिकवा, दिवसभर मोबाइल पायते."

मे महिना. नळाला पाणी नाही, टँकरची वाट. एका दुकानदाराला चाळीस खडे द्यायचे होते आणि बारा राहिले होते. घरातून आवाज आला, "अहो, प्यायले पाणी नाही अन् तुमच्या दगडाले पाणी पायजे काय?" खरंच होतं ते. मी पोराला म्हटलं, "आजच्या दिवस कोरडंच घास. तोंडाले रुमाल बांध."

संध्याकाळी तो पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखा बाहेर आला. केस, भुवया, पापण्या, सगळं पांढरं. माय दारात हसली, "पाह्य माय, म्हातारा झाला माह्या लेक." मीही हसलो. आत गेलो, गुळाचा खडा आणून पोराच्या हातावर ठेवला. म्हटलं, "खा, धूळ उतरते."

आणि तो गूळ त्याच्या तोंडात जायच्या आत माझं हसू थांबलं.

कारण हे मी कुठून शिकलो ते मला एकदम आठवलं. माझा बाप उन्हाळ्यात गिट्टी फोडायला जाई. (नागपुरात एका वस्तीचं नावच गिट्टीखदान आहे, शहराच्या पायाखाली काय काय आहे ते नावात तरी राहतं.) सुटी झाली की मुकादम मजुरांना गुळाचा खडा देई. बाप तो पदरच्या गाठीसारखा धोतराच्या सोग्यात बांधून आमच्यासाठी आणी. मुकादम चांगला माणूस होता, असंच आम्ही म्हणत आलो. बाप शेवटची सहा वर्षं उशाला टेकून बसूनच झोपला.

गुळाने अन्ननळी ओली होते. धूळ जाते फुप्फुसात. ती रुमालातून जाते आणि डोळ्यांना दिसणाऱ्या धुळीपेक्षा न दिसणारी जास्त आत जाते. गारगोटी म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिका. गुजरातेत खंभातला अकीक घासणाऱ्यांच्या पिढ्या सिलिकोसिसने गेल्या. चाकाला कधी हात न लावलेल्या, नुसत्या शेजारी राहणाऱ्या लोकांनाही तो झाला. त्याला औषध नाही. हे मी मशीन बसवायच्या आधी वाचलेलं होतं. म्हणूनच तर सलाईनची नळी लावली होती.

मग माझा गुन्हा केवढा? एका दिवसाचा. एका दिवसाने काही होत नाही, असं कोणीही सांगेल, आणि ते बहुधा खरंही आहे. पण अडचण तिथेच आहे. खंभातच्या कारागिराच्या आयुष्यातही जीव घेणारा असा एक दिवस दाखवता येणार नाही. प्रत्येक दिवस निर्दोष सुटतो आणि माणूस मात्र मरतो. मुकादमाने तरी कोणत्या दिवशी काय वाईट केलं? त्याला माहीत नव्हतं, असं आपण म्हणू शकतो. माझ्याकडे तीही सोय नाही.

दोन दिवस गप्प राहिलो. मग त्याच्या मायला जाऊन सगळं सांगितलं, खंभातचंही. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "जाऊ द्या ना दादा, एका दिसानं काय होते? पैसे तर देल्ले ना तुम्ही."

मला माफी मिळाली, पण मी उठलो तो तसाच. जिला पैशाची नड आहे तिने दिलेली माफी मी कोणत्या तोंडाने घेऊ? ती नाही म्हणाली असती तर पोराचे रोजचे तीनशे रुपये गेले असते. मुकादमालाही माझ्या आईने असंच म्हटलं असतं. कदाचित म्हटलंही असेल.

ते बारा खडे मी दिले नाहीत. दुकानदार चिडला. शेडमधला खाली बसलेला गाळ सुकू न देता ओलाच खड्ड्यात पुरला, शेड ओल्या फडक्याने पुसून काढली, आणि जूनपर्यंत मशीनवर पोतं टाकून ठेवलं. पोराला त्या दिवसांचे पैसे दिले. घरात यावरून दोन शब्द झाले, ते इथे लिहीत नाही.

पहिला पाऊस पडला, विहिरीला पाणी आलं. पोरगा आला, त्याने आधी डबा भरला, नळीची चाकी फिरवून थेंब पाहिला, मग बटण दाबलं. संध्याकाळी हात धुऊन निघताना दारात थांबला.

"काका, आज गूळ नाही?"




मी म्हटलं, "घरात आहे. चहा घे, त्यात टाकतो."