चाळीस डावांचा खेळाडू

कापसाचा भाव पडला की ढाणकीत काय, उमरखेड तालुक्यातल्या कुठल्याही कोरडवाहू गावात काय, एक वाक्य हमखास ऐकू येतं: शेती म्हणजे जुगार. खरं तर ही तुलना जुगारावर अन्याय करणारी आहे.

स्टीव्हन लेविट आणि थॉमस माइल्स या अमेरिकी अभ्यासकांनी २०१० च्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ या पत्त्यांच्या स्पर्धेचे निकाल तपासले. आधीच निष्णात म्हणून निवडलेल्या ७२० खेळाडूंनी लावलेल्या पैशावर सरासरी ३० टक्क्यांहून जास्त कमावलं. बाकीच्यांनी सरासरी १५ टक्क्यांहून जास्त घालवलं. पानं नशिबानं येतात, पण लांबचा हिशेब कसबाचा निघतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९६७ मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवलं होतं. (२०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांपुरता हा भेदच पुसून टाकला, तो भाग वेगळा.)

मात्र कसब दिसायला डाव पुष्कळ लागतात, आणि एकेका डावावर सगळी थैली लावून चालत नाही. पोकरवाला महिन्याला हजारो डाव खेळतो, पानं वाईट आली की टाकून देतो.

कोरडवाहू शेतकऱ्याला डाव मिळतात किती? विसाव्या वर्षी वावरात उतरला आणि साठीपर्यंत राबला तर चाळीस खरीप. दर खरिपाला बियाणं, खत, डवरणी, निंदणाची मजुरी असं जवळचं सगळं लावायचं, तेही बहुधा उधारीवर. सरकी टोबली आणि पावसानं दडी मारली तर पानं टाकायची सोय नाही. दुबार पेरणीसाठी पुन्हा पैसे ओतायचे.

कसब नसतं असं नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत थांबणारा, पऱ्हाटीत म्हणजे कपाशीत तुरीची तासं घालणारा, बोंडअळीच्या भीतीनं फरदड (हंगाम संपल्यावरही राखलेली कपाशी) न घेणारा शेतकरी शहाणाच. पण अळीचा पतंग बांध ओळखत नाही. शेजाऱ्यानं फरदड ठेवली की याचाही शहाणपणा मातीत. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं यवतमाळ जिल्ह्यात हेच दाखवलं: नीट राखलेली पऱ्हाटीही वाचली नाही.

भावाचं तर विचारूच नका. २०२१-२२ मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. ज्यानं घरात भरून ठेवला तो गावात हुशार ठरला. पुढच्या हंगामात अनेकांनी तीच हुशारी केली, आणि भाव उतरत गेला. २०२३-२४ मध्ये लांब धाग्याचा हमीभाव होता ७,०२० रुपये. माणसं तीच, वावर तेच. अक्कल मात्र गावानं भावावरून मोजली. एका हंगामावरून कुणाला ‘जमतं’ आणि कुणाला नाही हे ठरवणं म्हणजे एक डाव पाहून खेळाडू पारखणं. चाळीस हंगामांनंतरही तो निकाल पक्का म्हणता येत नाही, कारण पहिल्या पाचांतले दोन बुडाले तरी पुढचे खेळायला अनेकांकडे भांडवलच उरत नाही.

अशा खेळाडूची थैली शाबूत ठेवणं हे विम्याचं काम. त्यातही भरपाई मोजली जाते ती महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर, एकट्याच्या वावरावर नाही. राज्यात २०२३ च्या खरिपात सुरू झालेला एक रुपयाचा पीक विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. कापसासाठी आता शेतकऱ्याला विमा रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंत हप्ता स्वतः भरावा लागतो.