न्हाणीचे पाणी

कॅलिफोर्नियात वृद्धनिवास चालवायचा तर राज्य सरकारचा परवाना लागतो. तेथील नियमांनुसार वृद्धांच्या न्हाणीतल्या नळाचे गरम पाणी १०५ ते १२० अंश फॅरनहाइटच्या दरम्यान असावे लागते. वाचून आपल्याला हसू येईल. अभ्यंगस्नानाच्या पाण्यात आई विसण घालते, हात बुडवून पाहते. तिला कसले कलम?

पण माया आपले माणूस पाहते. जिचे कोणी उरले नाही, त्या म्हातारीच्या पाण्यात हात कोणी बुडवायचा? नियमाला तिचे नावही ठाऊक नसते. म्हणूनच तो तिला वगळीत नाही.

वृद्धांना सन्मानाने वागवावे, असेही तेच नियम सांगतात. तो मोजायला मात्र तापमापक नाही. तेथे पुन्हा कोणीतरी हातच बुडवून पाहायला हवा.