न आलेल्यांची यादी

दरवर्षी ११ फेब्रुवारीला, लुर्द मातेच्या सणादिवशी, ख्रिस्तसभा जागतिक रुग्ण दिन पाळते. त्यानिमित्त आपल्याकडे वैद्यकीय शिबीर होते. मिस्सानंतर सभागृहात टेबले मांडली जातात, डॉक्टर मंडळी विनामूल्य तपासतात, जो आधी येईल त्याचा नंबर आधी. गरीब-श्रीमंत असा भेद कोणी करत नाही. सर्वांना सारखे वागवले म्हणजे न्याय झाला, अशा समाधानात आपण घरी परततो. पण सारखे वागवणे म्हणजेच न्याय का?

वेल्समधील एका फॅमिली डॉक्टरांना या प्रश्नाने आयुष्यभर स्वस्थ बसू दिले नाही. डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट (१९२७-२०१८) हे त्यांचे नाव. केंब्रिज व लंडन येथे शिकलेले हे डॉक्टर १९६१ साली ग्लिनकोरुग या कोळसाखाणीच्या गावात गेले आणि पाव शतक तेथेच राहिले. ब्रिटनमध्ये १९४८ पासून सरकारी आरोग्यसेवा होती, डॉक्टरला फी द्यावी लागत नव्हती. दार सर्वांना सारखेच उघडे होते. तरीही १९७१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी एक कटू नियम मांडला. शाळेत आपण व्यस्त प्रमाण शिकलो, तसाच तो आहे. जेथे आजार अधिक तेथे चांगली सेवा कमी; जेथे आजार कमी तेथे ती भरपूर. आणि आरोग्यसेवा जितकी बाजाराच्या हाती सोपवावी तितका हा नियम अधिक कठोर होतो.

लेख लिहून ते थांबले नाहीत. उच्च रक्तदाब हा मुका आजार. ताप नाही, वेदना नाही, मग खाणीत राबणारा माणूस दवाखान्यात येईल कशाला? त्या काळी डॉक्टरांमध्ये एक हिशेब सांगितला जाई. असा आजार असलेल्या आठ जणांपैकी चौघांचाच आजार ओळखला जातो, त्यांतल्या दोघांवरच उपचार होतात आणि एकाचाच रक्तदाब आटोक्यात येतो. डॉ. हार्ट यांनी गावातल्या सर्व प्रौढांचा रक्तदाब मोजायचे ठरवले. कोणी खोकल्यासाठी आला तरी त्याच्या दंडाला पट्टा बांधायचा. जे आलेच नाहीत, त्यांची नावे काढून त्यांना गाठायचे.

एका रुग्णाचा हिशेब त्यांनी स्वतःच मांडला आहे. २५ वर्षांत दवाखान्यात ३१० भेटी, त्यांत डॉक्टरांचे स्वतःचे सुमारे ४१ तास. आधी समोरासमोर बसणारे ते दोघे हळूहळू शेजारी शेजारी बसू लागले, असे ते सांगत. एवढे करून मिळाले काय? त्या माणसाला अर्धांगवायू झाला नाही, हृदयविकाराचा झटका आला नाही, मूत्रपिंडे निकामी झाली नाहीत. न घडलेल्या गोष्टींचा सत्कार कोण करणार? १९९१ साली आकडे प्रसिद्ध झाले. शेजारच्या, तशाच गरीब गावापेक्षा ग्लिनकोरुगमधील अकाली मृत्यू २८ टक्क्यांनी कमी होते.

येथे मनात एक शंका येते, आणि ती झटकून टाकू नये. जो येत नाही, त्याच्या मागे लागण्याचा आपल्याला काय अधिकार? त्याचे स्वातंत्र्य आहे की नाही? आहेच. पण 'तो येत नाही, त्याची मर्जी' हे वाक्य आपण किती सहज उच्चारतो! दिवसाची मजुरी बुडेल म्हणून न येणे आणि मनात नाही म्हणून न येणे यांतला फरक दारात उभे राहून कळत नाही. त्यासाठी त्याच्या घरी जावे लागते.

डॉ. हार्ट यांच्या हाताखाली तरुण डॉक्टरही घडले. ग्रॅहम वॉट हे त्यांपैकी एक. पुढे ते ग्लासगो येथे प्राध्यापक झाले. २००९ साली स्कॉटलंडमधील सर्वांत गरीब वस्त्यांच्या १०० दवाखान्यांतील डॉक्टर त्यांच्या पुढाकाराने एकत्र आले. त्यांची तक्रार साधी होती. गरीब वस्तीत आजार कितीतरी जास्त, पण लोकसंख्येमागे डॉक्टर श्रीमंत वस्तीइतकेच. वाटणी अगदी सारखी, म्हणूनच अपुरी.

डॉ. हार्ट कम्युनिस्ट होते, त्या पक्षातर्फे निवडणुकीलाही उभे राहिले होते. चर्चच्या पत्रिकेत त्यांचे नाव पाहून काहींच्या भुवया उंचावतील. उंचावू द्या, दयाळू शोमरोनी तरी कुठे यहुद्यांना आपला वाटत होता?

संत मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दाखला आपण अनेकदा ऐकला आहे. आपली चर्चा नेहमी मजुरीवर येऊन थांबते. शेवटच्या तासाला आलेल्यालाही तेवढेच पैसे, हे कसे? पण तो धनी सकाळपासून संध्याकाळपर्यंत पुन्हा पुन्हा बाजारात जातो, याकडे आपले लक्ष जात नाही. रिकामे का उभे, असे तो विचारतो, आणि कोणी कामाला बोलावलेच नाही, असे उत्तर मिळते. त्या लोकांना आळशी ठरवून तो मळ्यात बसून राहिला नाही.

आपल्या शिबिराची वही आम्ही परवा चाळली. पाने भरलेली होती, आणि बहुतेक नावे चर्चच्या आसपासच्या घरांतली. पलीकडच्या पाड्यावरचे एकही नाव नव्हते. तेथे कितीजण राहतात, हे आमच्यापैकी कोणालाच नेमके सांगता आले नाही. पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर काहीजण वही घेऊन तिकडे जाणार आहोत. दोन परिचारिका भगिनींनी येण्याचे कबूल केले आहे. रक्तदाब मोजण्याचे यंत्र अजून एकच आहे.