तेल कोणासाठी?



३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकले. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ आपल्या वसईच्या किनाऱ्यासमोरून गुजरातकडे गेले. तेव्हापासून मे महिना लागला की आपण पत्रे आवळतो, पाणी, मेणबत्त्या साठवतो. हा देवावरचा अविश्वास नव्हे. लॅटिनमध्ये देवाची तरतूद आणि माणसाची दूरदृष्टी यांना एकच शब्द आहे: ‘प्रोविदेन्तिया’.

आपल्याला अडवतो तो दहा कुमारिकांचा दाखला. शहाण्या कुमारिकांनी तेल दिले नाही, तरी प्रभूने त्यांना दोष दिला नाही! मग आपणही दार लावून बसावे? आपल्याला वाटते, ते तेल म्हणजे अंतःकरणाची जागृती; ती उसनी देता येत नाही. छप्पर मात्र देता येते. योसेफाने मिसर देशात सात वर्षे धान्य साठवले ते पुढे कोठारे उघडण्यासाठी (धान्य विकले, फुकट दिले नाही, हे खरे).

आपल्या आळीत पत्र्याखाली कोण राहते, एकटी म्हातारी कोण, भाड्याच्या खोल्यांतले मजूर कुठे जातील, हे आपण अजून ठरवलेले नाही. चर्चचा हॉल उघडाच राहील. पण भर वाऱ्यात त्यांना तिथवर आणणार कोण? येत्या रविवारी मिस्सानंतर नावे लिहून घेऊ.