गायरानाचा शब्बाथ

शास्त्रपाठ : निर्गम २३:१०, ११



या पाठांत परमेश्वर जमिनीसही विसावा नेमून देतो. आणि त्या विसाव्यांत जें आपोआप उगवेल, त्यावर पहिला हक्क गरिबाचा ठरवितो. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील आपल्या मंडळ्यांनीं हा पाठ गायरानाकडे पाहून वाचावा.

ज्या माळांवर लाल कंधारी व देवणी गुरें पोसलीं, तेथें आज पुष्कळ ठिकाणीं मुरूम उघडा पडला आहे. दोष केवळ अवर्षणाचा नाहीं. कोंब वर येतांच खाल्ला गेला, तर मूळ बळावत नाहीं व गवत बीं धरीत नाहीं. मग पाऊस माती घेऊन वाहून जातो. सन २०१६ च्या एप्रिलांत लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. आम्ही पाळकांनीं पावसासाठीं प्रार्थना केल्या. परंतु पाऊस धरून ठेवणाऱ्या गवताविषयीं क्वचितच बोललों.

माळास विसावा मिळाला, तर मारवेल, पवना, कुसळी पुनः बीं धरितात. बोर व पळस यांच्या खुंटांस धुमारे फुटतात. पानें हवेंतील कर्बवायु घेतात, आणि त्यांतील कर्ब मुळांवाटे मातींत सांठतो. कोळसा व तेल जाळून मनुष्यानें पृथ्वी तापविली आहे. त्या पापाचा थोडा भार आपला उजाड माळही हलका करूं शकतो. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार या गांवानें पोपटराव पवार यांच्या पुढारीपणांत चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळली, पाणी अडविलें, आणि तेथील डोंगर हिरवे झाले. गुरें सोडावयाचीं नाहींत, गवत विळ्यानें कापून न्यावें, असा तेथील नेम.

परंतु गायरान बंद होतांच पहिली उपाशी राहते ती भूमिहीनाची शेळी. ज्याच्या बांधाला गवत आहे, त्यास बंदी पाळणें सोपें. जिच्याजवळ दोन शेळ्यांवांचून कांहीं नाहीं, त्या विधवेनें ती कशी पाळावी? उत्तर आपल्या पाठांतच आहे. सारें गायरान एकदम बंद न करितां एक भाग आधीं राखावा. तेथें गवत वाढेपर्यंत ज्यांच्या दारीं कडब्याची गंज आहे, त्यांनीं तींतून चार पेंड्या द्याव्या. आणि राखलेल्या गवताचा पहिला भारा त्या विधवेच्या डोक्यावर चढवावा.

ज्या विसाव्याचें मोल एकट्या गरिबानें द्यावें, तो शब्बाथ नव्हे. येत्या ग्रामसभेंत हें बोलण्याचें धैर्य प्रभु आपणां सर्वांस देवो. आमेन.