मोजलेला ‘मी’ आणि हाक

माणसाने काय सांगितले यापेक्षा ते सांगताना कोणते शब्द किती वेळा वापरले, यावरून त्याच्या मनाचा ठाव घेता येतो, हे गृहीतक गेल्या तीन-चार दशकांत मानसशास्त्रात चांगलेच रुजले आहे. टेक्सास विद्यापीठातील जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ‘ल्यूक’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी जी संगणक-प्रणाली घडवली, तिची रीत साधी आहे: शब्दांचा वर्गवार कोश आधी तयार ठेवायचा, मजकुरातील प्रत्येक शब्द त्याच्याशी ताडून पाहायचा आणि कोणत्या वर्गाचे शब्द शेकडा किती आले ते मांडायचे. या प्रणालीचा भर कार्यशब्दांवर असतो. सर्वनामे आणि अव्यये यांसारखे जे शब्द स्वतः फारसा अर्थ वाहत नाहीत पण वाक्य बांधून धरतात, ते बोलणाऱ्याच्या नकळत येतात, म्हणून त्यांच्यावर त्याचा ताबा कमी आणि त्यांची साक्ष अधिक विश्वसनीय, असा यामागचा तर्क आहे.

या पद्धतीचा सर्वाधिक चर्चिला गेलेला निष्कर्ष ‘मी’विषयी आहे. आत्महत्या केलेल्या नऊ कवींच्या कवितांची तशाच नऊ इतर कवींच्या कवितांशी तुलना करणाऱ्या २००१ मधील अभ्यासात पहिल्या गटात प्रथमपुरुषी एकवचन अधिक आढळले. खिन्न विद्यार्थ्यांच्या निबंधांतही २००४ मध्ये तसेच दिसले. पुढे २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर हा संबंध खरा, पण क्षीण ठरला: सहसंबंधाचा गुणांक ०.१३ च्या आसपास, म्हणजे समूहाविषयी थोडे काही सांगणारा आणि एकट्या माणसाविषयी जवळजवळ काहीच न सांगणारा. ‘मी’ फार येणे हे आजारी मनाचे लक्षण मानले, तर देवापुढे स्वतःच्या हीनतेचा पाढा वाचणाऱ्या भक्ताला काय म्हणायचे, हा प्रश्न मराठी वाचकापुढे आपोआप उभा राहतो. दुष्काळात पत्नी व पुत्र गमावलेल्या तुकोबांचे करुणापर अभंग या कोशातून गाळून काढले, तर यंत्र त्यांना बहुधा खिन्नांच्या रांगेत बसवील.

त्याआधी मराठी व्याकरणाची अडचण आहे, आणि ती किरकोळ नाही. कफ परेडच्या मच्छीमार नगरात, उंच इमारतींच्या सावलीत किनारा धरून राहिलेल्या कोळी वस्तीत, बोट वेळेवर परतली नाही की घरातली बाई जे बोलेल ते साधारण असे असेल: ‘बोट अजून आली नाही, जिवाला घोर लागलाय, रात्रभर डोळा लागला नाही.’ या वाक्यात काळजी काठोकाठ भरलेली आहे, पण ‘मी’ एकदाही नाही. घोर जिवाला लागतो, डोळा आपण होऊन लागत नाही, आणि ज्याला हे होते तो कर्ता नसून भोक्ता असतो, म्हणून तो चतुर्थीत जातो किंवा मुळीच उच्चारला जात नाही. इंग्रजीसाठी केलेली मोजणी इथे शून्य दाखवील. ‘मला’, ‘माझ्यापाशी’ अशी प्रत्यययुक्त रूपे शब्दविश्लेषणाने सोडवता येतात, परंतु ‘उद्या दर्यात जातो’ या वाक्यात सर्वनाम गाळलेले असता जाणारा ‘मी’ की ‘तो’ हे क्रियापद सांगत नाही, कारण वर्तमानकाळी दोघांचे रूप एकच आहे. पुण्याच्या एल३क्यूब गटाने २०२१ मध्ये सुमारे १६,००० मराठी ट्वीटांचा जो भावनाकोश सिद्ध केला, त्यात मजकुराला सकारात्मक, नकारात्मक किंवा तटस्थ अशी खूण दिलेली आहे. ते काम मोलाचे आहे, पण मजकुराचा कल ओळखणे वेगळे आणि मन ओळखणे वेगळे.

अभंगातील पेच याहून खोल आहे. सबंध अभंगभर ‘मी’ म्हणून तळमळणारा कवी शेवटच्या चरणात ‘तुका म्हणे’ असे स्वतःचे नाव तृतीयपुरुषात घेतो, म्हणजे ज्याला दुःख होते तो आणि त्या दुःखाकडे पाहून बोलणारा यांच्यात व्याकरणच एक पाऊल अंतर निर्माण करते. वेदान्ताच्या परिभाषेत पहिला अहंकार आणि दुसरा साक्षी, म्हणजे अनुभवात न गुंतता अनुभवाला पाहणारा, असे म्हणता येईल. मात्र नाममुद्रा हा काव्यसंकेतही आहे आणि प्रत्येक नाममुद्रेमागे साक्षित्व असतेच असे मानणे भाबडेपणाचे होईल. ‘अमृतानुभवा’च्या सहाव्या, शब्दखंडन नावाच्या प्रकरणात ज्ञानदेव शब्दाची थोरवी गाऊन त्याची मर्यादाही दाखवतात: शब्द विसरलेल्याची आठवण करून देतो, आणि जो कधी विसरलाच गेला नाही त्या स्वयंप्रकाश आत्म्यापाशी शब्दाला करण्यासारखे काही उरत नाही. ही भूमिका मान्य केली, तर ‘ल्यूक’ आत्म्याला धक्का लावीत नाही, कारण ती ज्याची टक्केवारी काढते तो वापरातला ‘मी’ संतांनीही संशयितच मानला होता.

तरीही करुणेचा अभंग आणि खिन्न निबंध यांत फरक कुठे, हे सांगितल्यावाचून सुटका नाही, आणि त्याचा धागा त्या २००१ च्या अभ्यासातच सापडतो: आत्महत्या केलेल्या कवींच्या लेखनात मृत्यू जवळ आला तसे संवादवाचक शब्द कमी होत गेले. खिन्नाचा ‘मी’ कोणालाही उद्देशून नसतो. भक्ताचा ‘मी’ विठ्ठलाशी भांडतो, त्याला दोष देतो, उत्तर मागतो. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करणारा कोळीही समुद्राविषयी विधान करीत नाही, त्याला ‘तू’ म्हणून विनवतो. मराठी व्याकरणाने या हाकेला संबोधन ही स्वतंत्र आठवी विभक्ती दिली आहे, आणि मराठीसाठी असा कोश कोणी करायला घेतला तर सर्वनामांच्या रकान्याआधी ‘देवा’, ‘विठ्ठला’, ‘बाई’, ‘गो’ यांचा रकाना उघडावा लागेल. मग नित्यनेमाने मारलेली हाक आणि खरी कळवळून मारलेली हाक एकाच आकड्यात पडतील, ही अडचण उरतेच. पण ती यंत्राने आणलेली नाही, कारण ओठांवरचे नाम आणि अंतरीचे नाम यांतला भेद कसा ओळखावा, हा वाद वारकरी संप्रदायात संगणकाच्या कितीतरी शतके आधीपासून चालू आहे.